मडकं म्युझियममध्ये, वही रद्दीत

१८४८ मधली गोष्ट आहे, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. जोसेफ मेयर नावाचा लिव्हरपूलचा एक सोनार होता, जुन्या वस्तू जमवायचा त्याला नाद होता, तो तिथल्या एका भंगारवाल्याच्या दुकानात गेला आणि त्याला जुन्या कागदांचे ढीगच्या ढीग दिसले. वह्या, पत्रं, हिशोबाची बुकं, सगळं दुकानदारांना पुड्या बांधायला म्हणून विकायला काढलेलं. चाळून बघितलं तर ते जोसाया वेजवूडच्या कारखान्याचं दप्तर निघालं. म्हणजे ज्या माणसाने इंग्लंडच्या पॉटरीचा चेहरा बदलला, राजघराण्यांना डिनर सेट पुरवले, भट्टीचं तापमान मोजायचं साधन शोधलं म्हणून रॉयल सोसायटीने ज्याला फेलो केलं, तो जाऊन जेमतेम त्रेपन्न वर्षं झाली होती आणि त्याचे कागद रद्दीत. मेयरने ते विकत घेतले म्हणून वाचले, आणि पुढे १८६५-६६ मध्ये वेजवूडचं दोन खंडांतलं चरित्र याच कागदांच्या जोरावर लिहिलं गेलं.

मी हे सांगतोय कारण आपल्याकडे आत्ता नेमकी तीच वेळ आलीय. साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी भारतात स्टुडिओ पॉटरी उभी केली, स्वतः भट्ट्या बांधल्या, माती चाळली, ग्लेझ म्हणजे भांड्यावरचे काचेसारखे मुलामे शोधले, ती पिढी आता एकतर खूप थकलीय किंवा गेलीय. त्यांची भांडी गॅलरीत आहेत, लोकांच्या घरी आहेत, काही म्युझियममध्ये आहेत. पण वह्या? माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत, नाहीतर स्टुडिओच्या त्या फळीवर जिथे क्वार्ट्झची पोती ठेवलेली असतात. पुढची पिढी फ्लॅट बदलते, स्टुडिओची जागा रिडेव्हलपमेंटला जाते आणि एका दुपारी सगळं आवरायला घेतात. मुलांचा दोष नाही यात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हे काय आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. सिरॅमिक आर्टिस्टच्या स्टुडिओतली वही, भट्टीची नोंद, मालाची बिलं, पत्रव्यवहार, हे सगळं त्याच्या कामाचाच भाग आहे, ते भांड्याबरोबर सार्वजनिक संग्रहात यायला पाहिजे आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हायला पाहिजे. चित्रकाराच्या किंवा लेखकाच्या कागदांबद्दल आपण निदान बोलतो तरी, पॉटरच्या कागदांबद्दल कुणी बोलतच नाही, आणि खरं तर पॉटरच्या बाबतीत कागदाची गरज जास्तच आहे.

का ते सांगतो. पुण्यातल्या एका ज्येष्ठ सिरॅमिक कलाकार बाईंची वही मी बराच वेळ बसून बघितलीय. साधी लांबट हिशोबाची वही, पानांच्या कडा मातीने करड्या झालेल्या, एका पानावर ओल्या बोटाचा लालसर ठसा, आयर्न ऑक्साइडचा. पानावर वर नंबर, मग रेसिपी: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हाइटिंग (म्हणजे खडूची भुकटी) २०, चायना क्ले १०. आता ही रेसिपी काही गुपित नाहीये, ब्रिटिश पॉटर बर्नार्ड लीचची ४-३-२-१ म्हणून जगभरच्या पॉटर्सना ती पाठ आहे. पण खरी गंमत बाजूच्या मोकळ्या जागेत आहे. तिथे लिहिलंय, नवीन पोत्यातलं फेल्डस्पार, रंग पिवळट येतोय, व्हाइटिंग दोनने कमी करून बघणे. खाली, १२४० ला सिलिंडर संपला, दुसरा जोडेपर्यंत टेंपरेचर पडलं, वरच्या शेल्फवरचं सगळं मॅट, म्हणजे बिनचमकीचं. त्याच्याखाली, पाऊस, बाउल तीन दिवस वाळेनात. आणि एका कोपऱ्यात माल पुरवणाऱ्याचा फोन नंबर आणि दुधाचा हिशोब.

ज्याला या कामाची माहिती नाही त्याला यात काही वाटणार नाही. पण हे समजून घ्या की ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसणारी काच आहे आणि ती नुसत्या रेसिपीवर ठरत नाही. त्याच ४-३-२-१ मध्ये लोखंडाचं ऑक्साइड एक-दोन टक्के घातलं आणि भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला की सेलॅडॉनचा हिरवा येतो, आठ-दहा टक्के घातलं की तेनमोकूचा काळा-तपकिरी. पण खाणीतलं फेल्डस्पार बदललं की त्यातलं पोटॅश-सोड्याचं प्रमाण बदलतं आणि तुमचं अख्खं गणित चुकतं. पाश्चात्त्य पुस्तकातली रेसिपी जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही ती याचमुळे, माल वेगळा, माती वेगळी, आपल्या जुलैची हवा वेगळी. इथल्या मालावर, इथल्या हवेत कोणता ग्लेझ कसा वागतो याचं ज्ञान त्या बाईंनी वर्षानुवर्षं भट्ट्या लावून, निम्मा माल फुकट घालवून मिळवलंय. ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. कुठल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतही नाही.

त्यांच्याकडे वहीबरोबर टेस्ट टाइल्सचे डबे पण होते. बिस्किटाच्या आकाराच्या छोट्या फरशा, प्रत्येकीवर एकेक ग्लेझ, आणि मागच्या बाजूला ब्रशने आयर्न ऑक्साइडमध्ये घातलेला नंबर, कारण पेनची शाई भट्टीत जळून जाते, ऑक्साइड राहतं. तो नंबर म्हणजे वहीतल्या पानाचा नंबर. इथे खरी अडचण कळते. टाइल हजारो वर्षं टिकेल, हडप्पाची खापरं टिकलीच की. वहीला मात्र एका पावसाळ्यात वाळवी लागते, कसर लागते. आणि वही गेली की त्या टाइलवरचा ४१२ हा नुसता आकडा, त्याच्यावरून पुढे काहीच कळत नाही. डबाभर टाइल्स आहेत, रंग डोळ्यांसमोर आहेत आणि एकही परत बनवता येत नाही.

वेजवूडने हेच केलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वी. जॅस्पर नावाची त्याची ती प्रसिद्ध निळी-पांढरी बॉडी, म्हणजे भांड्याचं मातीचं मिश्रण, जमायला त्याने हजारो ट्रायल घेतल्या, प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि तो नंबर त्याच्या एक्सपेरिमेंट बुकमध्ये. काही तुकड्यांवर टीटीबीओ अशी खूण आहे, टिप टॉप ऑफ बिस्किट ओव्हन, म्हणजे हा तुकडा पहिल्या भाजणीच्या भट्टीत अगदी वरच्या टोकाला ठेवला होता. भट्टीत एक हात वर-खाली झालं तरी रिझल्ट बदलतो हे त्याला पक्कं माहिती होतं म्हणून जागासुद्धा लिहून ठेवली. वही आणि तुकडे दोन्ही टिकले म्हणून आज कुणीही बसून बघू शकतो की हा माणूस कुठे अडकला, कुठे चुकला आणि काय बदलल्यावर जमलं.

आणि हे टिकणं आपोआप झालेलं नाही, रद्दीतून वाचल्यावरसुद्धा नाही. २००९ मध्ये वॉटरफर्ड वेजवूड कंपनी बुडाली, कामगारांच्या पेन्शन फंडात १३ कोटी ४० लाख पौंडांचं भगदाड होतं आणि ते भरायला म्युझियमचा सगळा संग्रह विकता येईल असं कोर्टाने म्हटलं. ८० हजारांहून जास्त वस्तू, सगळी हस्तलिखितं धरून. ज्या दप्तराची युनेस्कोच्या ब्रिटनच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड रजिस्टरमध्ये २०११ साली नोंद झाली तेच दप्तर लिलावाच्या दारात उभं होतं. शेवटी २०१४ मध्ये आर्ट फंड या ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेने १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे केले, त्यातले शेवटचे साधारण साडेसत्तावीस लाख लोकांकडून एका महिन्यात जमले आणि संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणजे व्ही अँड ए म्युझियमच्या नावावर झाला, राहिला मात्र स्टॅफर्डशरमध्येच, जिथे तो बनला तिथे. सामान्य लोकांनी वर्गणी काढली हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कुणी म्हणेल की भांडं स्वतः बोलतं, कागद कशाला. हे वाक्य मी बऱ्याच पॉटर्सच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते पटत नाही. लूसी रीचं उदाहरण घ्या. व्हिएन्नाची ज्यू पॉटर बाई, १९३८ मध्ये नाझींमुळे लंडनला आली, हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूजमध्ये एका गल्लीत स्टुडिओ थाटला, युद्धाच्या काळात पोट भरायला कपड्यांची सिरॅमिकची बटणं बनवली आणि मग अर्धं शतक तिथेच चाकावर बसली. १९९५ मध्ये गेली. तिचे बाउल बघितले तर वाटतं किती सहज झालंय हे सगळं. तिच्या त्या खड्ड्याखड्ड्यांच्या, ज्वालामुखीच्या दगडासारख्या ग्लेझमागे सिलिकॉन कार्बाइड आहे, भट्टीत त्याचा गॅस होतो आणि ग्लेझ फुगतो, हे भांडं स्वतःहून सांगत नाही. तिच्या वह्या सांगतात. त्या आज इंग्लंडातल्या फार्नहॅमच्या क्राफ्ट्स स्टडी सेंटरमध्ये आहेत, तिथेच बर्नार्ड लीचचेही कागद आहेत, आणि कुठल्याही विद्यार्थ्याला वेळ घेऊन बघता येतात. तिच्या स्टुडिओचं सामान व्ही अँड एमध्ये मांडून ठेवलंय. भांडं बोलतं हे खरंच आहे, पण कसं बनवलं याबद्दल ते गप्प असतं आणि पुढच्या पॉटरला नेमकं तेच हवं असतं.

जास्त अवघड प्रश्न खासगीपणाचा आहे. पर्सनल आणि स्टुडिओचे कागद वेगळे करा, वह्या द्या आणि पत्रं घरी ठेवा, असं कुटुंबांना वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण वेगळं करता येत नाही हो. मे १७६८ मध्ये वेजवूडच्या कारकुनाने लंडनच्या गोदामाला मालाबद्दल लिहिलं आणि त्यातच कळवलं की आज मालकांचा पाय कापला, तब्येत बरी आहे. भूल द्यायची सोय नसलेला तो काळ. आता हा कागद धंद्याचा की घरचा? आणि तुम्ही फक्त मालाचा हिशोब ठेवून बाकीचं फाडलं तर त्या कारखान्याबद्दल काय कळणार होतं? पुण्याच्या त्या वहीतला दुधाचा हिशोबसुद्धा मला तसाच वाटतो. एक बाई भट्टी आणि घर एकाच पानावर सांभाळत होती, हा तिच्या कलेचाच इतिहास आहे आणि बायकांच्या बाबतीत हा भाग सगळ्यात आधी खोडला जातो.

यावर जगात उपाय निघालेले आहेत. कॅलिफोर्नियाच्या ओहायमध्ये राहणारी पॉटर बिट्रिस वुड, १०५ वर्षं जगली, धातूसारखी झाक असलेल्या लस्टर ग्लेझसाठी प्रसिद्ध, १९६१ मध्ये भारतात येऊन गेली आणि पुढे कायम साडी नेसायची, तिचे कागद वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहेत. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशांशी असलेली मैत्री, प्रेमप्रकरणं, रोजच्या डायऱ्या, तिने काहीच लपवलं नाही. पण प्रत्येकाने बिट्रिस वुड व्हावं असं कुणी म्हणत नाहीये. देताना अट घालता येते, अमुक पाकिटं पंचवीस वर्षं उघडायची नाहीत, अमुक पत्रं ती माणसं हयात असेपर्यंत बंद. आणि कागद दिले म्हणजे कॉपीराइट दिला असंही नसतं, तो आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं वारसांकडेच राहतो, त्यांनी लिहून दिला तरच जातो. हे बऱ्याच कुटुंबांना माहितीच नसतं आणि त्या भीतीपोटी कागद घरात सडतात.

रेसिपी उघड झाल्या तर कुणीही कॉपी करेल, ही भीती पण असते. वेजवूडला होतीच, मालाच्या नावांऐवजी तो आकडे लिहायचा. पण हयात कलाकाराने आपलं गुपित जपणं वेगळं आणि तो गेल्यावर ते गुपित मातीत जाणं वेगळं. पॉटर निर्मला पटवर्धन यांचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, त्यांनी भारतात मिळणाऱ्या मालावर ग्लेझ तपासून तपासून पॉटर्ससाठी चक्क हँडबुक लिहिलं, चीनच्या जुन्या चून ग्लेझच्या मागे लागून तो स्वतः उभा केला, आणि सगळं खुलं करून टाकलं. त्याने त्यांचं काही कमी झालं नाही. त्यांच्या रेसिपीवर हात बसलेले पॉटर्स पुढे आपापल्या वाटेने गेले. रेसिपी मिळाली म्हणून कुणाला निर्मलाताई होता येत नाही, हात आणि डोळा तुमचा तुम्हालाच कमवावा लागतो.

एक आक्षेप मात्र असा आहे की ज्याच्यापुढे मला खरंच थांबावं लागतं. कागदांचं आर्काइव्ह म्हटलं की जे लिहितात त्यांचंच आर्काइव्ह होणार, म्हणजे शिकलेल्या, बहुतेक शहरी, बहुतेक इंग्रजीतून लिहिणाऱ्या स्टुडिओ पॉटरचं. आणि शेकडो पिढ्या माती मळणारा कुंभार पुन्हा बाहेरच. हे खरं आहे. तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग आपल्याकडे आहेत कारण वारकऱ्यांनी ते पाठ केले, कुणीतरी उतरून घेतले. पण गोरोबा माती कुठून आणायचे, त्यात काय मिसळायचे, आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी कशी रचायचे, हे कुणाला सांगता येईल? १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जी चकचकीत ग्लेझची भांडी बनली ती आज लंडनच्या म्युझियममध्ये आहेत, वर नाव बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचं, चाकावर बसलेल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा नाहीच.

पण यावरून वह्या जपू नका असं ठरत नाही, उलट काम वाढतं. जिथे कागद नाही तिथे रेकॉर्डर घेऊन बसायला पाहिजे. धारावीच्या कुंभारवाड्यात, गावोगावच्या कुंभारआळीत जे सत्तरीच्या पुढचे कारागीर आहेत त्यांच्याकडून माती, भट्टी, जळण सगळं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावानिशी नोंदवून घ्यायचं आणि ती टेप लूसी रीच्या वहीच्या बरोबरीची मानायची, त्याच कपाटात. भाईंदरचे ब्रह्मदेव पंडित, बिहारमधल्या कुंभार कुटुंबातून आलेले, मुंबईच्या स्टोनवेअर पॉटरीत आयुष्य घातलेले, २०१३ चे पद्मश्री, त्यांच्यात तर हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. अशा माणसांचं ज्ञान जपायचं तर फक्त कागद किंवा फक्त मुलाखत पुरणार नाही, दोन्ही लागेल. आणि रेकॉर्डिंग करताना मानधन द्या, हे पण सांगून ठेवतो. कारागिराचा दिवस बुडतो तेव्हा त्याची कमाई बुडते.

महाराष्ट्राला दप्तराचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा करत फिरले, इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशवे दप्तरात किती किरकोळ खर्चाच्या नोंदी आहेत आणि त्याच्यावर अभ्यासक किती वर्षं जगलेत. तेव्हा फडणीसांचा जमाखर्च जपायचा आणि कलाकाराच्या मालाची बिलं टाकून द्यायची, याला काय अर्थ आहे? शंभर वर्षांनी कुणाला १९७५ मधल्या महाराष्ट्रात चिनी मातीचं पोतं कितीला पडायचं, कोबाल्ट मिळायचा का, रॉकेलवर भट्टी लावायला किती खर्च यायचा हे बघायचं असेल तर ते याच बिलांमध्ये आहे.

भारतात हे जमत नाही असंही नाही. बडोद्याच्या ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, के. जी. सुब्रमण्यन, रतन परिमू यांचे कागद आणि फोटो एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटाइज करून ऑनलाइन ठेवलेत, घरबसल्या बघता येतात. हे उत्तम काम आहे. पण ती संस्था हाँगकाँगची आहे हेही विसरू नका. आणि त्याच बडोद्यात ज्योत्स्ना भट्ट यांनी कित्येक वर्षं सिरॅमिक्स शिकवलं, २०२० मध्ये त्या गेल्या. चित्रकार आणि समीक्षक आधी, मातीचं काम करणारे मागून, हा क्रम आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की तो आपल्याला दिसतही नाही.

पैशाचा प्रश्न आहेच, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. कंपनी कायद्याच्या शेड्यूल सातमध्ये सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या कामांत कला आणि संस्कृतीचं जतन, पारंपरिक हस्तकलांचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. एक कोरडी खोली, ॲसिड-फ्री खोकी, एक ट्रेनिंग घेतलेला आर्काइव्हिस्ट आणि स्कॅनर, एवढ्यावर सुरुवात होते. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे, कला संचालनालय आहे, जे. जे. आहे, पुण्या-मुंबईत मोठी म्युझियम आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी एकाने जाहीर म्हणावं की सिरॅमिक कलाकारांचे कागद आम्ही घेतो, हे आमचे नियम, ही आमची खोली, या. आज एखाद्या कुटुंबाला द्यायचं मनात असलं तरी कुठे जायचं हेच कळत नाही, आणि चार ठिकाणी फोन करून थकले की मग रद्दीवाला आहेच.

म्युझियमना तर मी एवढंच म्हणेन की यापुढे सिरॅमिकची एकही वस्तू घेताना त्या वस्तूच्या भट्टीची नोंद मागा. हयात कलाकार असेल तर फॉर्ममध्येच रकाना ठेवा: माती, ग्लेझ, तापमान, भट्टीचा प्रकार, वहीचं पान. पानाची कॉपी वस्तूच्या फाइलला लावा. याला काहीच खर्च नाही.

आणि ज्यांच्या घरी अशी वही आत्ता आहे त्यांनी संस्था तयार होईपर्यंत थांबू नका. वह्या आणि टेस्ट टाइल्सचे डबे एकमेकांपासून तोडू नका, एक भावाकडे आणि एक बहिणीकडे असं तर मुळीच नको. पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा पण फोटो झाले म्हणून मूळ टाकू नका, पेन्सिलची फिकट अक्षरं आणि ऑक्साइडचे डाग फोटोत नीट येत नाहीत. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, त्याने कागद वाचत नाही, खराब होतो. कलाकार हयात असेल तर त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक पानावरच्या शॉर्ट फॉर्म्सचा अर्थ विचारून वेगळ्या कागदावर लिहून घ्या, कारण ती अक्षरं त्यांच्याशिवाय कुणालाच लागणार नाहीत, आणि हे काम या महिन्यातच करा.